एका सळईचे तीन वाटे

समजा, वाळूजच्या एमआयडीसीत तुमचा एक गाळा आहे. दोन जुनी लेथ, एक ड्रिल आणि कर्ज काढून घेतलेलं, संगणकावर चालणारं एक सीएनसी मशीन. तुम्हाला रोज लोखंडी सळया लागतात, पण लागतात त्या मूठभर. डीलरकडं गेलात तर तो चहा पाजतो, घरच्यांची विचारपूस करतो आणि भाव मात्र चढाच लावतो, कारण शेजारच्याच खुर्चीवर ट्रकभर माल उचलणारा बसलेला असतो. अशात कुणीतरी सांगतं, अहो, तुमच्यासारख्या लहान कारखान्यांची मागणी गोळा करून एकदम खरेदी करणाऱ्या संस्था निघाल्यात, व्हा की सभासद! तुम्ही चौकशी करता, तर संस्था दोन. आता कोणती निवडाल? फी किती, एवढं विचारून भागेल? माल कमी पडला तर आधी कुणाला देता, हे विचाराल? आणि दोन्हींतली चांगली संस्था तुम्हाला घेते, पण तुमच्या भिंतीला भिंत लावून उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याला घेत नाही, असं कळलं तर?

सांडू कडूबा तुपे यांच्यापुढं गेल्या श्रावणात हाच प्रश्न येऊन बसला.

सांडू देवगाव रंगारीचे. गावाकडं थोडी जमीन, पण शाळेत असल्यापासून त्यांचा जीव यंत्रात. गावातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला की ते शाळा बुडवून तिथं हजर. आयटीआयला टर्नर झाले, वाळूजच्या एका कंपनीत लागले, पुढं नोकरी सोडून गाळा घेतला. घर बजाजनगरात. मुलगी सायली इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरी करून परत आली आणि म्हणाली, मी आपल्याच गाळ्यात बसणार. सीएनसी आलं ते तिच्यामुळं. तिनं एक मोठं गिऱ्हाईकही मिळवलं. पण त्या गिऱ्हाइकाची एक अट होती: सळयांच्या प्रत्येक बंडलासोबत त्या लोखंडात काय काय मिसळलंय याचं तपासणी प्रमाणपत्र हवं. सुट्या सळया विकणारा दुकानदार असलं काही देत नाही. मागितलं तर कुठल्या तरी बंडलाची झेरॉक्स हातात ठेवतो.

म्हणून सायलीनं दोन संस्थांची माहिती काढून आणली होती.

"पप्पा, बघून तरी घ्या."

"तूच वाच. माह्या चष्म्याला इंग्रजी चालत नाय."

"मराठीत आहे."

"मंग तर अजून अवघड."

सायली हसली आणि वाचायला लागली. एक होती पुण्याची कंपनी, तिची कचेरी जालना रोडवर. दुसरं वाळूजमधल्याच कारखानदारांनी काढलेलं खरेदी मंडळ. कंपनी आपल्याकडून फी घेते, मंडळ फी घेत नाही. मग मंडळ चालतं कशावर? तर माल पुरवणाऱ्याच्या कमिशनवर. "म्हणजे मंडळ आपल्या बाजूनं घासाघीस करणार की पुरवणाऱ्याच्या, हे विचारायला पाहिजे," ती म्हणाली. सांडूंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष शटरबाहेरच्या रस्त्याकडं गेलं होतं. एक टेम्पो सळया घेऊन चालला होता. मागं लोंबणारी टोकं खड्ड्यागणिक खणखणत होती.

त्यांचीही एकेकाळी अशी संस्था होती. तिला नाव नव्हतं आणि नियम एकच होता.

सांडू, बुद्धभूषण हिवराळे आणि करमाडचे आप्पासाहेब. तिघंही एकाच कंपनीत टर्नर, मागंपुढं करत तिघांनीही नोकरी सोडली आणि एकाच ओळीत तीन गाळे घेतले. एकट्यानं माल आणायचा म्हटलं की डीलर दाद देईना. मग बुद्धभूषण म्हणाला, "आपण तिघं मिळून एक मोठा गिऱ्हाईक होऊ. आप्पाची मिशी पुढं करू, डीलर घाबरंल." आप्पांची मिशी पुढं झाली आणि तिघांचा मिळून पहिला ट्रक चिकलठाण्याहून आला. एका वेळी सांडूच्या नावावर, पुढच्या वेळी बुद्धभूषणच्या, मग आप्पांच्या. पाळी ठरलेली.

सळया होत्या वीस फुटी आणि गाळे तोकडे. सळई आत ठेवली तर शटर बंद होईना. मग करवतीचं मशीन दारापर्यंत ओढून आणायचं आणि रस्त्यावरच प्रत्येक सळईचे तीन तुकडे करायचे, प्रत्येकाला एक. ट्रकचा ड्रायव्हर बोनेटवर बसून बघत राहायचा.

"क्या उस्ताद," तो म्हणायचा, "एक सलिये के तीन मालिक? शादी में भी इतना बटवारा नै होता."

"तुम ट्रक पीछे लो," बुद्धभूषण म्हणायचा, "नै तो उसके भी तीन करते."

आणि तो एकच नियम असा की जो करवत चालवील त्यानं आपला तुकडा सगळ्यात शेवटी उचलायचा. त्यामुळं करवतीवर कुणीही बसलेलं असो, तुकडे पडायचे ते अगदी सारखे. तरीही आप्पा सुतळीचा तोडा काढून मोजायचेच. "इस्वास हाय रे तुमच्यावर," म्हणायचे, "पर सुतळीवर जरा जास्त हाय."

तो काळ आठवला की सांडूंना करवतीवर ओतायच्या पांढऱ्या पाण्याचा, त्या दुधासारख्या कूलंटचा आंबूस वास यायचा. कामाला अंत नव्हता, पण हाक मारली की दोन भिंतींपलीकडून ओ यायची. कुणाचं टूल तुटलं की तो विचारतही नसे, शेजारच्या ड्रॉवरातून घेऊन जायचा.

त्यातच एकदा घोळ झाला आणि तो वाटून खाणाऱ्यांचाच घोळ होता. लोखंडाच्या जाती वेगवेगळ्या, पण दिसायला सळया सारख्याच. म्हणून डीलर प्रत्येक सळईच्या एका टोकाला जातीप्रमाणं रंग लावून देतो. मऊ मालाला एक रंग, कडक मालाला दुसरा. पण रंग असतो फक्त टोकाला. सळईचे तीन तुकडे केले की रंगाचं टोक एकाच तुकड्याला जातं. आख्खी सळई घेणाऱ्याच्या हे कधी स्वप्नातही येणार नाही. त्या खेपेला रंगाची टोकं आप्पांच्या वाट्याला गेली. सांडू आणि बुद्धभूषण यांचे बिनरंगाचे तुकडे सांडूंच्या गाळ्यात एकाच भिंतीला उभे राहिले, मऊ आणि कडक सरमिसळ. कळलं केव्हा, तर लेथवर मऊ म्हणून लावलेल्या मालानं बुद्धभूषणच्या टूलचं टोक जाळून निळं केलं तेव्हा.

"सांडू," त्यानं भिंतीवर थाप मारून हाक दिली, "तुह्या लोखंडाला राग आलाय."

पुढचा सुटीचा दिवस होता. सांडू आणि बुद्धभूषण तुकडे निवडायला बसणार, तोवर करमाडहून आप्पा मोटारसायकलवर हजर.

"तुम्ही कशाला आले?" सांडू म्हणाले. "तुमच्या मालाला तर रंग हाय."

"रंग माह्या वाट्याला आला ही काय माही हुशारी हाय का? सरक तिकडं."

लोखंडाची जात ओळखायची जुनी रीत म्हणजे ठिणगी. तुकडा फिरत्या दगडाला टेकवायचा आणि ठिणग्या कशा उडतात ते बघायचं. उजेडात त्या नीट दिसत नाहीत, म्हणून भरदुपारी शटर ओढून अंधार केला. आप्पा एकेक तुकडा दगडाला लावायचे. मऊ मालाची ठिणगी लांब जाऊन फुलबाजीसारखी फुटायची. कडक मालाची लालसर, आखूड, न फुटताच विझायची. बुद्धभूषण बघून ओरडायचा, "बोलकी!" नाहीतर "मुकी!" आणि सांडू त्याप्रमाणं रंगाचा पट्टा ओढायचे. मध्येच तिघांचं एकमत होईना. मग तोच तुकडा पुन्हा, त्याच्यावरून वाद, वादातून आप्पांच्या मिशीवर उडालेली ठिणगी आणि हसून हसून बंद करावं लागलेलं ग्राइंडर. दुपारी बुद्धभूषणच्या बायकोनं, विशाखावहिनींनी डबा पाठवला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. अंधारात, तेलकट हातांनी, लोखंडावर बसून तिघं जेवले. त्या दिवशी एका पैशाचं उत्पादन झालं नाही आणि सांडूंना आजही विचारलं की गाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर ते तोच सांगतात.

तेव्हापासून दुसरा नियम आला. ट्रक आला की आधी सळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगाचा पट्टा ओढायचा, मग करवत लावायची.

मग शेंद्र्याकडं नवी औद्योगिक वसाहत झाली, आप्पांची जमीन तिच्यात गेली. आलेल्या पैशातून आप्पांनी जालना रोडला मंगल कार्यालय बांधलं आणि गाळा विकला. उरले दोघं. दोघांच्या मागणीनं ट्रक भरेना. कधी एकाला दीड इंची माल लागायचा, तर दुसऱ्याला पाऊण इंची. हळूहळू जो तो आपापल्या सळया रिक्षावर बांधून आणायला लागला. भांडण झालं असतं तर निदान कधी मोडलं तो दिवस तरी लक्षात राहिला असता. तसलं काही झालंच नाही.

"पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. चाल, आधी मंडळात जाऊन येऊ."

मंडळाचं काम शिवराज नावाचा तरुण बघायचा. बोलका, मोकळा. त्यानं खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला.

"काका, तुमच्यासारखी जुनी माणसं आली तर मंडळाला वजन येईल. अट एकच. जे घ्यायचं ते आपल्याकडूनच. लोखंड, टूल, ऑइल, हातमोजे, सगळं. बाहेरून घेत राहिलो तर एकीला काय अर्थ?"

"आणि तपासणीचं प्रमाणपत्र?" सायलीनं विचारलं.

"येतं की. मागितलं तर येतं."

"मागितलं तर म्हणजे? प्रत्येक बंडलाचं वेगळं?"

शिवराजनं कान खाजवला. "प्रत्येकाचं अजून नाही होत, ताई. खोटं कशाला सांगू. पुढच्या वर्षी बसवायचंय ते."

सांडूंना त्याचा खरेपणा आवडला. निघताना त्यांनी विचारलं, "आमच्या शेजारी बुद्धभूषण हिवराळे हायेत. त्यांचं काम लहान हाय. दोन लेथवर एकटाच माणूस. त्यांना घ्याल?"

"काका, काय विचारता! एक सळई घेणाऱ्यालाही दार उघडं आहे."

दोघं बाहेर आली. गाडीला चावी लावताना सायली म्हणाली, "मला गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी असं सांगता येणार नाही, पप्पा."

"म्या कुठं काय म्हनलं?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

मग पुण्याच्या कंपनीची प्रतिनिधी गाळ्यावरच आली. प्रेरणा तिचं नाव. साधारण सायलीच्याच वयाची. पायात सेफ्टी शूज घालून आली होती, हे सांडूंनी मनात नोंदवलं. तिनं भाव दाखवला. प्रत्येक बंडलासोबत येणारं प्रमाणपत्र दाखवलं, त्यावरचा क्रमांक सळईच्या टोकावर कसा ठोकलेला असतो तेही दाखवलं. सगळा माल आमच्याकडूनच घ्या असं बंधन नव्हतं. सोडायचं झालं तर तीन महिने आधी कळवायचं. सायलीचा चेहरा उजळत चालला होता.

"एक विचारू?" सांडू म्हणाले. "समजा, मिलमधून माल कमी आला. समद्यांना पुरत नाय. मंग आधी कोन उचलतं?"

प्रेरणानं हातातला टॅब खाली ठेवला. "खरं सांगू काका? जास्त खरेदी करणाऱ्यांना आधी. तुमचा नंबर मधे कुठंतरी लागेल."

"आणि तुमची कंपनी स्वतःचं कधी काढून घेते? आधी का शेवटी?"

"फी आगाऊ असते. म्हणजे आधीच." ती ओशाळून हसली. "हे असं कुणी विचारत नाही."

"आमच्यात वाटनारा शेवटी उचलायचा."

"मग वाटणाऱ्याला काही उरायचं का?"

"सारखं वाटलं तर उरतंच की!" सांडूही हसले. मुलगी सरळ आहे, संस्थाही वाईट नाही, हे त्यांना पटलं होतं. मोठ्या बाजारात मोठ्याचा नंबर आधी लागणार, यात नवल काही नव्हतं. मग त्यांनी बुद्धभूषणची गोष्ट काढली.

प्रेरणानं टॅबवर आकडे बघितले आणि मान हलवली. सभासद व्हायला महिन्याची जी किमान खरेदी लागते तिच्या जवळपासही बुद्धभूषणचं काम नव्हतं. "एक करता येईल," ती म्हणाली. "तुम्ही सभासद व्हा, त्यांचाही माल तुमच्याच नावावर घ्या. मग तुम्ही त्यांना बिल करून द्या. पुष्कळ जण असं करतात. या महिनाअखेरपर्यंत कळवा फक्त, मग नोंदणी बंद होते."

ती गेल्यावर सांडू शेजारच्या गाळ्यात गेले. बुद्धभूषण लेथवर वाकला होता. केस पांढरे झाले होते, पण तुकडा काढायची लकब तीच. मशीन बंद करून त्यानं हात कपड्याला पुसले.

"जय भीम, शेठ. आज पाहुणी आली होती म्हने सेफ्टी शूज घालून."

"जय भीम. शेठ कोन रे? बस हितं." सांडूंनी सगळं सांगितलं. मंडळाचं, कंपनीचं, प्रमाणपत्राचं, आणि शेवटी प्रेरणानं सुचवलेली वाटही सांगितली.

बुद्धभूषण ऐकत होता. मग हसला. "म्हंजे मी तुह्या दुकानातून लोखंड घ्यायचं. उधारी देशील का? का पाटी लावशील, आज रोख उद्या उधार?"

"चेष्टा नको करू."

"चेष्टा नाय करत." तो स्टुलावर बसला. "सांडू, आपला ट्रक यायचा तवा कवा तुह्या नावावर, कवा माह्या. पाळी होती. मी तुह्या नावावर माल घेतला तरी मला कवा वाटलं नाय की तू देनारा अन् मी घेनारा. कारन पुढच्या टायमाला तू माह्या नावावर घेनार होता. आता पाळी कुठंय?"

सांडूंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तू हो सभासद," बुद्धभूषण म्हणाला. "पोरीचं काम अडवू नको. लई हुशारीनं मिळवलंय तिनं. माह्यं काय, सुट्या सळयांच्या भावात आता काही उरत नाय. दिवाळीपर्यंत बघतो. एक जन गोडाऊनसाठी गाळा भाड्यानं मागतोय."

"गोडाऊन? कशाचं?"

"टाइल्सचं."

"टाइल्स!" सांडू असे म्हणाले, की जणू भिंतीपलीकडं कुणी म्हशी बांधणार होतं.

"टाइल्स वाईट नसतात रे. टूल जळत नाय, ठिनगी उडत नाय."

"तेच म्हनतो ना मी."

 लेथच्या तबकात लोखंडाचे निळे कुरळे कीस साचले होते. सांडूंनी सवयीनं त्यातला एक उचलून बोटात फिरवला आणि परत टाकला.

आपल्या गाळ्यात आले तेव्हा सायली फॉर्म भरून बसली होती. फक्त सही बाकी होती. तिनं वडलांकडं बघितलं आणि पेन पुढं केलं नाही.

"भूषणकाका नाही म्हणाले?"

"तो बरोबर म्हनाला." सांडू तिच्यासमोर बसले. "सायली, मला एक सांग. सभासद एकच, पर नावं दोन. माल कवा आपल्या नावावर, कवा त्याच्या नावावर. महिन्याची खरेदी मोजायची ती दोघांची मिळून. अन् तपासणीचं कागद ज्याचं त्याला. असं होतं का?"

सायलीनं भुवया चढवल्या. पुण्यात असती तर तिनं ताबडतोब नाही म्हटलं असतं. पण ती याच ओळीत लहानाची मोठी झाली होती. पट्टा ओढलेल्या सळयांवर बसून तिनं पाढे पाठ केले होते, सातापुढं अडखळली की भूषणकाका लेथ न थांबवता पुढचा आकडा ओरडायचे. तिनं कागद उलटा केला आणि मागं चौकोन काढायला लागली. बिल वेगवेगळं आलं तर जीएसटीची अडचण नाही. ऑर्डर मात्र एकत्र गेली पाहिजे. फी निम्मी निम्मी. एकानं पैसे थकवले तर? दुसरा जामीन.

"तुम्ही जामीन राहाल?"

"तो राहील का ते इचार. मी तर हायेच."

सायली उठून शेजारी गेली. भिंतीपलीकडून आधी तिचाच आवाज येत राहिला, मग बुद्धभूषणचं ते जुनं, घशातून खरडत येणारं हसू. परत आली तेव्हा म्हणाली, "काका म्हणतात, पहिल्या ट्रकाला पाळी त्यांची असेल तर विचार करतो."

"बघ कसा हाय! मागचा ट्रक आप्पाच्या नावावर होता. त्याच्या नंतर माही पाळी." आणि सांडू एकदम थांबले, कारण हे आपल्याला इतकं पक्कं आठवतंय याचं त्यांनाच नवल वाटलं.

सायलीनं सगळं नीट लिहून प्रेरणाला पाठवलं. प्रेरणाचा फोन आला. असा प्रस्ताव आमच्याकडं कधी आलेला नाही, ती म्हणाली. तिला स्वतःला तो आवडला होता, पण ठरवणार पुण्याची माणसं. ती विचारून सांगणार होती. महिनाअखेर आली. गिऱ्हाइकाकडून दोनदा विचारणा झाली. शिवराजनंही फोन करून आठवण केली. टाइल्सवाला बुद्धभूषणचा गाळा पट्टीनं मोजून गेला. फॉर्मवर सही नव्हती, आणि सायलीनंही सही करा म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सांडूंनी सायलीकडून प्रेरणाला फोन लावून घेतला. आवाज जरा चढवूनच ते बोलले, भिंतीपलीकडं ऐकू जावं इतका.

"प्रेरणाताई, सांडू तुपे बोलतोय वाळूजहून. भावाचं नाय विचारत, फीचं पन नाय. पुन्याला एवढंच विचारून सांगा, दोन लहान मिळून एक मोठा झाला, तर त्याला तुमच्याकडं एक मोठा म्हनून धरतात का नाय?"